आधी पिसू, मग उंदीर : गाठीचा प्लेग समजून घेताना

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात एक जण प्लेगने दगावला. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात आणखी एकाला लागण झाल्याचं कळलं. तिकडच्या वर्तमानपत्रांत ही आतल्या पानावरची बातमी असते, कारण अमेरिकेत वर्षाला सरासरी सातेक जणांना प्लेग होतच असतो. आपल्याकडे मात्र ती व्हॉट्सॲपवर येईपर्यंत काळ्या पडलेल्या बोटांचा एक जुना फोटो तिला चिकटतो, वर "प्लेग परत आलाय, सर्वांना पाठवा" अशी ओळ चढते, आणि मग सोलापुरात कुठल्याशा बोळात उंदीर मरून पडलेला दिसला की बोलणी सुरू होतात.

"उंदीर मेलंय की ओ दारात. कार्पोरेशनला फोन करायचा का?"

"राहू दे बे. कुणीतरी औषध घातलं असंल."

या दोघांपैकी कुणाचंही बरोबर असू शकतं. कधी दुर्लक्ष केलं तर चालतं आणि कधी फोन करायलाच हवा, हे ठरवायला प्लेग होतो कसा हे माहीत असावं लागतं. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात उंदीर एवढंच पक्कं बसलंय. त्या माहितीवर विसंबून उपाय करायला गेलं तर तो उलटा अंगावर येऊ शकतो.

मुळात हा आजार कुणाचा?

प्लेग एका जिवाणूमुळे होतो. त्याचं नाव यर्सिनिया पेस्टिस. १८९४ साली हाँगकाँगमध्ये साथ चालू असताना अलेक्झांडर यर्सिन या डॉक्टराने तो शोधला, म्हणून त्याचं नाव जंतूला मिळालं. त्याच वेळी तिथे जपानचे कितासातोही शोध घेत होते आणि श्रेयाचा वाद पुढे बरीच वर्षं चालला, पण ते बाजूला ठेवू. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की हा जिवाणू आहे. करोनासारखा विषाणू नाही. त्यामुळे अँटिबायोटिक औषधं त्याच्यावर चालतात.

हा जंतू राहतो तो उंदीर, घूस, खार अशा कुरतडणाऱ्या प्राण्यांत आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवांमध्ये. रानातल्या काही जातींच्या उंदरांना त्याची सवय झालेली असते. त्यातले थोडे मरतात, बाकीचे तगतात, आणि जंतू बिळांमध्ये वर्षानुवर्षं माणसाच्या नकळत टिकून राहतो. घराच्या आढ्यावर, गोदामात फिरणाऱ्या काळ्या उंदराला मात्र तो झेपत नाही. रानातल्या उंदरांकडून पिसवांमार्फत तो घरउंदरांत शिरला की ते पटापट मरू लागतात. माणसाचा नंबर त्यानंतर लागतो. आपण या साखळीत योगायोगानेच येतो. जंतूच्या दृष्टीने आपण नसलो तरी त्याचं काही अडत नाही.

माणसात प्लेगचे तीन प्रकार दिसतात. जंतू गाठींमध्ये अडकला तर गाठीचा प्लेग, हाच सर्वात जास्त आढळतो. रक्तात पसरला तर रक्तातला प्लेग. फुप्फुसात पोचला तर फुप्फुसाचा प्लेग. जंतू तिन्हींत एकच, बदलते ती त्याची जागा. पण या जागेवरच रोगी जगणार की जाणार आणि शेजाऱ्याला लागण होणार की नाही, हे बरंचसं ठरतं.

पिसवेच्या घशात काय होतं?

या सगळ्या प्रकरणातला खरा चमत्कारिक भाग इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

उंदराच्या अंगावरची पिसू दोन-तीन मिलिमीटरची, तपकिरी, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते. केसांमधून ती सरसर निसटते. पंख नसतात, पण उडी चांगली मारते. प्लेगने आजारी असलेल्या उंदराचं रक्त तिने प्यायलं की जंतू तिच्या पोटात जातात. तिथे ते वाढतात, चिकट थर धरतात आणि पोटाच्या तोंडाशी असलेली झडप बुजवून टाकतात. आता ही पिसू उपाशी. ती चावते, रक्त ओढते, पण ते पोटात उतरत नाही. मोरी तुंबली की ओतलेलं पाणी तोंडाशी परत येतं, तसं ते रक्त मागे फिरतं आणि येताना जंतू घेऊन चाव्याच्या जखमेत शिरतं. पोट भरत नाही म्हणून ती पुन्हा चावते, मग आणखी कुणाला चावते, अशी मरेपर्यंत चावत सुटते. बेकॉट आणि मार्टिन या दोन शास्त्रज्ञांनी १९१४ साली हे दाखवून दिलं.

आता उंदराकडे पाहू. उंदीर जिवंत आहे, अंग गरम आहे, तोवर पिसवा त्याला सोडत नाहीत. तो मेला आणि थंड पडला की त्या नवं ऊबदार अंग शोधायला बाहेर पडतात. दुसरा उंदीर मिळाला तर तो. आणि सगळे उंदीर मेलेले असतील तर माणूस. जुनी माणसं "उंदीर पडायला लागले" म्हणताच घर सोडून माळावर झोपड्या घालून राहायला जात, त्यामागे नेमकं हेच होतं. पिसवेचं शास्त्र त्यांना ठाऊक नव्हतं, पण निरीक्षण पक्कं होतं, आणि त्या काळातल्या बऱ्याच सरकारी उपायांपेक्षा ते शहाणपणाचं होतं असं माझं मत आहे.

पिसवेचा हा संबंध पहिल्यांदा प्रयोगाने दाखवला पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने, १८९८ साली, कराचीत. मोठ्या काचेच्या बरणीत त्याने प्लेगने आजारी उंदीर ठेवला. तो मरायला टेकल्यावर त्याच बरणीत जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणं शक्य नव्हतं, पण जाळीतून पिसू उडी मारून जाऊ शकत होती. काही दिवसांत वरचा उंदीरही प्लेगने मेला. सिमाँने आणखी एक प्रसंग नोंदवून ठेवलाय. एका लोकरीच्या कारखान्यात सकाळी कामगार आले तर जमिनीवर मेलेल्या उंदरांचा खच. वीस जणांना ते उचलायला लावलं. तीन दिवसांत त्यांतल्या दहा जणांना प्लेग झाला, आणि कारखान्यातल्या बाकी कुणालाही नाही. उलट, मेल्यावर बराच वेळ लोटलेला, थंड पडलेला उंदीर हाताळणाऱ्याला सहसा काही होत नाही, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. पिसवा तोवर निघून गेलेल्या असतात. त्या वेळी शास्त्रज्ञांनी सिमाँची टरच उडवली. त्याचं म्हणणं सर्वमान्य व्हायला आणखी दहाएक वर्षं लागली.

अंगात शिरल्यावर

पिसू चावल्यावर साधारण एक ते सात दिवसांत लक्षणं सुरू होतात. सुरुवात अचानक असते, आणि प्लेगची ही खूणच आहे. सकाळी धडधाकट कामावर गेलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून अंथरुणाला खिळतो. ताप १०२-१०३ च्या वर जातो, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं, कधी उलट्या होतात, आणि उठून बसवत नाही इतका अशक्तपणा येतो.

गाठ त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येते. आपल्या शरीरात जांघेत, काखेत, मानेत छोट्या ग्रंथी असतात. जखमेतून आत आलेले जंतू अडवून मारणं हे त्यांचं काम. प्लेगचे जंतू चाव्याच्या जागेपासून जवळच्या ग्रंथीपर्यंत पोचतात, पण तिथे मरण्याऐवजी वाढतात. ज्या पेशींनी त्यांना गिळून टाकायचं, त्यांच्यातच काही काळ लपून राहतात. ग्रंथी सुजते, अंड्याएवढी होऊ शकते, वरची कातडी लाल आणि तणावलेली दिसते. पिसू बहुधा पायाला चावते म्हणून गाठ बहुतेक वेळा जांघेत येते. हाताला चावली तर काखेत. लहान मुलं जमिनीवर झोपतात, खेळतात, त्यांना मानेतही येऊ शकते.

या गाठीचं दुखणं साधं नसतं. रोगी पाय पोटाशी घेऊन पडून राहतो, पांघरुणाचा स्पर्शही त्याला सोसवत नाही. जांघेत गाठ असलेला माणूस एकदा चालताना पाहिला तरी कळतं, कारण तो पाय टेकवायलाच तयार नसतो.

उपचार मिळाले नाहीत तर गाठीच्या प्लेगचे शंभरातले तीस ते साठ रोगी दगावतात. जंतू गाठीतून निसटून रक्तात गेले की रक्तदाब उतरतो, कातडीखाली रक्त साकळतं आणि हातापायांची बोटं, नाकाचा शेंडा काळा पडू लागतो. व्हॉट्सॲपवरचा तो फोटो या टप्प्यावरच्या रोग्याचा असतो. कधी कधी गाठ न येताच थेट रक्तातला प्लेग होतो, आणि मग निदान करणं फार अवघड जातं.

फुप्फुसाचा प्लेग यांतला सर्वात घातक. ताप, खोकला, छातीत दुखणं, दम लागणं, थुंकीतून रक्त. चोवीस तासांत योग्य औषध सुरू झालं नाही तर रोगी वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही.

गाठ आली म्हणजे प्लेगच का?

नाही. आणि सोलापुरात तर हे ठासून सांगायला हवं, कारण जांघेत गाठ यायला इथे इतर कारणं भरपूर आहेत.

पायाला ठेच लागली, चपलेने घासलं, काटा मोडला, नखाला पू झाला की जांघेत अवधाण येतं. घरोघरी माहीत असलेली गोष्ट आहे. अवधाणाला दुखतं, बारीक तापही येतो, पण माणूस लंगडत का होईना कामावर जातो, आणि जखम बरी झाली की गाठ बसते. दुसरं कारण हत्तीरोग. सोलापूर जिल्ह्यात हत्तीरोगाचा प्रादुर्भाव पूर्वीपासून आहे आणि त्यातही जांघेतल्या गाठी सुजतात. तिसरं, क्षयरोगाच्या गाठी. त्या बहुधा मानेत येतात, हळूहळू महिनोन्‌महिने वाढतात आणि फारशा दुखत नाहीत.

दवाखान्यात होणारं संभाषण साधारण असं असतं :

"डॉक्टरसाहेब, यांच्या जांघेत गाठ आलीय. प्लेग तर नसंल ना?"

"कधीपासून आहे, ताई?"

"पंधरा दिवस झाले की. अंगठ्याला लागलं होतं त्याच्या नंतर."

इथे डॉक्टर निम्मं निदान करून मोकळे होतात. प्लेगची गाठ पंधरा दिवस थांबत नाही. काल माणूस बरा होता, आज फणफणून ताप आणि हात लावू न देणारी गाठ, आणि पायावर जखमेचा पत्ता नाही, असं असेल तरच संशय. त्यात घरात किंवा आजूबाजूला उंदीर मेलेले, अंगावर पिसवा चावल्याच्या खुणा, किंवा गेल्या आठवड्यात अशा ठिकाणी जाऊन आलेला असेल, तर वेळ घालवायचा नाही. छोट्या दवाखान्यांत हिंडत बसण्यापेक्षा सरळ सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं आणि उंदरांचं आपणहून सांगायचं. डॉक्टर विचारतीलच असं नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांनी प्लेगचा रोगी उभ्या आयुष्यात पाहिलेला नसतो.

पक्कं निदान प्रयोगशाळेत होतं. गाठीत सुई घालून थोडा द्रव काढतात, रक्ताचा किंवा थुंकीचा नमुना घेतात. रंगवल्यावर दोन्ही टोकांना गडद आणि मधे फिकट दिसणारा जंतू सापडला की संशय बळावतो. पुढे जंतू वाढवून खात्री करतात. पण औषध अहवालासाठी थांबत नाही. नमुना घेतला की लगेच सुरू करायचं असतं.

सोलापूरच्या उन्हात जंतू तग धरेल?

हा आक्षेप चुकीचा म्हणता येणार नाही. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत माणूस तग धरत नाही तिथे पिसवेची काय कथा. कडक, कोरड्या उन्हाळ्यात पिसवांचं आयुष्य कमी होतं, आणि फार उष्णतेत त्यांच्या घशातला तो चिकट थरही नीट टिकत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनमधल्या साथींची नोंद ठेवणाऱ्यांना दिसलं होतं की इथे प्लेग पावसाळ्याच्या शेवटी आणि त्यानंतर भडकतो, आणि उन्हाळ्यात ओसरतो.

पण ओसरतो म्हणजे संपत नाही. जमिनीखाली दोन-तीन फूट खोल बिळात बाहेरचं ऊन पोचत नाही, तिथे हवा थंड आणि दमट असते. उन्हाळाभर जंतू तिथे निवांत राहू शकतो. आणि सोलापूरपासून फार लांब नसलेला बीड जिल्हा काही थंड हवेचं ठिकाण नाही. १९९४ चा प्लेग तिथेच सुरू झाला.

मामला आणि सूरत

भारतात १९६६ नंतर जवळजवळ अठ्ठावीस वर्षं माणसात प्लेगची नोंद नव्हती. वैद्यकीय महाविद्यालयांत तो परीक्षेपुरता शिकवला जायचा. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात लोक तक्रार करू लागले : घरात पिसवा झाल्यात, उंदीर मरतायत. पुढच्या काही आठवड्यांत तापाचे आणि गाठींचे रोगी दिसायला लागले.

मामलाच का, याचं एक उत्तर अनेकांनी मांडलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सोलापूरकरांनाही ती पहाट आठवते, इथेही घरं हादरली होती. भूकंपानंतर या पट्ट्यात लोक बराच काळ घराबाहेर राहिले, घरांत धान्य तसंच पडून राहिलं, उंदरांची चंगळ झाली, आणि रानातल्या उंदरांतला जंतू घरउंदरांत आला असावा. हा तर्क आहे, पण प्लेगच्या रीतीला धरून आहे.

सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला आणि देश हादरला. लाखो लोक शहर सोडून पळाले. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झालं, रुमाल तोंडाला बांधलेली माणसं रेल्वेच्या टपांवर दिसू लागली. परदेशांनी विमानं थांबवली, भारतातला माल घ्यायला नकार दिला. एवढा गाजावाजा झाला, पण देशभरातले मृत्यू पन्नास-साठच्या घरात होते. त्या वर्षी हिवतापाने त्याहून कितीतरी जास्त माणसं गेली, त्यांची बातमी झाली नाही. पण सुरतेला त्या भीतीचा फायदा झाला हेही खरं. पुढच्या दोन वर्षांत तिथल्या महापालिकेने कचरा उचलण्याची घडीच बदलून टाकली आणि देशातल्या सर्वात घाणेरड्या शहरांत गणलं जाणारं सूरत स्वच्छ शहरांच्या यादीत जाऊन बसलं. कापडाचं शहर म्हणून सुरतेशी तुलना करायला आपल्याला आवडतं. ती याही बाबतीत करायला हरकत नाही.

त्यानंतर भारतात २००२ साली हिमाचलच्या सिमला जिल्ह्यात फुप्फुसाचा आणि २००४ साली उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात गाठीचा प्लेग आढळला. दोन्ही ठिकाणी रोगी थोडेच होते, आणि साथ तिथेच आटोक्यात आली.

मग आपल्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टी एवढ्या भयानक का?

कारण तेव्हा औषध नव्हतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात, धान्याच्या वखारी आणि बंदर यांच्या मधे, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले. धान्याबरोबर, कापसाच्या गाठोड्यांबरोबर, पळणाऱ्या माणसांच्या बोचक्यांबरोबर पिसवा आणि उंदीर आगगाडीने आत आले. पुणे, सातारा, बेळगाव आणि मुंबई-मद्रास लोहमार्गावरचं आपलं सोलापूर. इथे १८७७ पासून गिरणी होती, चाळी होत्या, धान्याची पेठ होती. म्हणजे उंदराला लागतं ते सगळं. पुढच्या वीस-बावीस वर्षांत देशभर एक कोटीच्या वर माणसं प्लेगने गेली.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा केला. करोनात ज्या कायद्याचं नाव आपण ऐकलं तो हाच. त्याच्या आधारे स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून काखा आणि जांघा चाचपल्या जात, बायकांच्याही. घरात शिरून रोगी उचलून नेत, सामान जाळत. पुण्यात रँडच्या अंमलात या तपासणीचा इतका जाच झाला की २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. जाचाचा वैद्यकीय परिणामही झाला : लोक रोगी लपवू लागले. त्याच मार्चमध्ये, १० तारखेला, सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या.

आणि या सगळ्यात गंमत अशी की काखा चाचपणाऱ्या त्या यंत्रणेला पिसवेचा पत्ताच नव्हता. गाठीच्या रोग्याकडून दुसऱ्याला सहसा लागण होत नाही. ज्याला ते पकडत होते तो धोका नव्हता, धोका त्याच्या बोचक्यात होता.

औषध आहे, मग भ्यायचं कशाला?

स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधं प्लेगवर चालतात, आणि यांतली बरीचशी कुठल्याही सरकारी रुग्णालयात असतात. वेळेवर सुरू केली तर बहुतेक रोगी वाचतात. अडचण वेळेची आहे. शिवाय पेनिसिलिनच्या जातीची औषधं प्लेगवर उपयोगी पडत नाहीत. ताप आला की मेडिकलमधून ॲमॉक्सिसिलिनची पट्टी आणून तीन दिवस वाट पाहण्याची जी सवय आपल्याला आहे, ती इथे जिवावर बेतू शकते.

"मग लस घेऊन टाकू" असंही कुणी म्हणेल. लस होती. वॉल्डेमर हाफकिन यांनी मुंबईत ती तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. पण आज सर्वसाधारण लोकांसाठी प्लेगची लस दिली जात नाही, आणि तशी गरजही नाही.

रोग्याच्या घरच्यांनी किती घाबरायचं? गाठीचा प्लेग असेल तर फारसं नाही. गाठ फुटून पू आला तर त्याला उघडा हात लावू नये, एवढं. फुप्फुसाचा असेल तर गोष्ट वेगळी. खोकल्यातून उडणारे थेंब सहा फुटांच्या आतल्या माणसाला लागण करू शकतात. अशा रोग्याला वेगळं ठेवतात, आणि जवळ राहिलेल्यांना डॉक्टरच्या देखरेखीखाली सात दिवस प्रतिबंधक गोळ्या देतात. अर्धा डझन गोळ्या शेजारपाजारी वाटून घेण्याचा हा मामला नव्हे.

मांजर पाळलं की झालं?

मांजराने उंदीर खावा हे ठीक, पण मांजराला प्लेग होतो, आणि आजारी मांजर माणसाला देऊही शकतं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात एकाला घरच्या मांजराकडूनच लागण झाल्याचं मानलं गेलं. कुत्र्यांना तितका त्रास होत नाही, पण त्यांच्या अंगावरून पिसवा घरात येतात. पाळीव जनावराला पिसवांचं औषध लावा, मांजराच्या भरवशावर राहू नका.

उंदीर मेला, आता काय करायचं?

एखादा उंदीर मेला, आणि कुणी औषध घातलं होतं हे ठाऊक आहे, तर प्लेगचा विचार करू नका. सोलापुरात त्यापेक्षा डेंगीची काळजी जास्त करावी असं मला वाटतं. पाणी काही दिवसांआड येतं म्हणून भरून ठेवलेल्या टाक्या आणि पिंपं हा रोजचा, खराखुरा धोका आहे.

कुणीही औषध घातलेलं नसताना एकाच भागात दोन-चार दिवसांत बरेच उंदीर मेलेले सापडले, तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. गावात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्राला. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका, झाडूने फरफटत नेऊ नका. त्यावर कीटकनाशक मारा, थोडं थांबा, हातमोजे किंवा दोन जाड पिशव्या हातात घालून चिमट्याने उचला, पिशवीचं तोंड घट्ट बांधा. तपासणीसाठी पथक येणार असेल तर तो फेकून देऊ नका. सिमाँचा वीस कामगारांचा किस्सा आठवला तर यातली प्रत्येक पायरी का आहे ते कळेल.

आरोग्य खात्याची माणसं अशा वेळी सापळे लावून जिवंत उंदीर धरतात, पांढऱ्या ट्रेवर त्यांच्या अंगाचे केस विंचरतात आणि खाली पडलेल्या पिसवा मोजतात. दर उंदरामागे प्लेग पसरवणाऱ्या जातीच्या पिसवा सरासरी एकापेक्षा जास्त निघाल्या तर धोक्याची पातळी ओलांडली असं समजतात.

आणि मग ज्याने सगळेच चुकतात तो भाग. अशा वेळी लोकांचा पहिला आग्रह असतो की उंदीर मारा, विषाच्या गोळ्या वाटा. प्लेगचा संशय असताना हे आधी केलं तर शेकडो उंदीर एकदम मरतील आणि त्यांच्या हजारो उपाशी पिसवा माणसांवर येतील. म्हणून क्रम ठरलेला आहे : आधी बिळांच्या तोंडाशी आणि उंदरांच्या वाटांवर पिसवा मारणारी पावडर, त्यानंतर उंदीर. पथक पावडर टाकून गेलं आणि उंदीर अजून दिसतायत म्हणून "काही उपयोग नाही यांचा" असं म्हणत दुकानातून विषाची वडी आणणारा माणूस त्या गल्लीचं नुकसान करतो.

एरवी, म्हणजे प्लेगबिलग काही नसताना, उंदीर कमी करायचे तर त्यांचं खाणं आणि घर काढून घ्यायचं. ज्वारीची पोती जमिनीवर भिंतीला चिकटवून न ठेवता फळीवर ठेवायची, मधून माणूस जाईल एवढी जागा सोडायची. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या शेडमध्ये कोपऱ्यात साठलेला सुताचा वेस्टेज महिनोन्‌महिने तसाच पडतो आणि त्यात उंदीर पिल्लं घालतात. तो दर आठवड्याला काढायचा. शेड आणि घर एकाच छपराखाली असेल, शहराच्या पूर्व भागात असं बरंच असतं, तर रात्री जमिनीवर झोपणारी माणसं आणि त्या ढिगातले उंदीर यांच्यात दहा-बारा फुटांचंच अंतर उरतं. तिथे खाट वापरावी. पिसवेची उडी फार उंच जात नाही.